आमची वाटचाल : आधी मीटर, मग पाना

१९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा सुरू होण्याची आशा मावळली, तेव्हा वडिलांनी आणि त्याच गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातल्या त्यांच्या सोबत्याने लालबागच्या एका गल्लीत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला आणि गाड्यांचे डायनॅमो (वीज तयार करणारे यंत्र) व सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) भरून देण्याचे, म्हणजे आतल्या खराब कॉइल काढून नवी तार गुंडाळण्याचे काम सुरू केले. त्या सोबत्यांना आम्ही मिस्त्रीकाका म्हणत असू. गिरणीतल्या मोठ्या मोटारी भरलेला त्यांचा हात होता, त्यामुळे गाडीचे आर्मेचर, म्हणजे डायनॅमो-सेल्फचा आतला तार गुंडाळलेला फिरता भाग, त्यांना खेळण्यासारखे वाटे.

त्यांचा ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचे विद्युतचुंबकी साधन, आजही आमच्याकडे चालू स्थितीत आहे. आर्मेचर त्यावर ठेवायचे, वरून हॅक्सॉचे जुने ब्लेड अलगद धरायचे आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचे. ज्या खाचेतली कॉइल आतून शॉर्ट असेल तिथे ब्लेड थरथरून वाजू लागते. पुढे डायनॅमो जाऊन त्याच कामाचे अल्टरनेटर आले, कटआउटच्या (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणाऱ्या स्विचच्या) जागी डायोड प्लेट (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडांची पट्टी) आली, तेव्हा वयाच्या पन्नाशीत त्यांनी टेस्ट लॅम्पवर डायोड तपासायला शिकून घेतले. दिवा एका बाजूने लागला पाहिजे आणि वायर उलटवल्यावर लागता कामा नये, हे त्यांनी मला शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवण्याआधी दाखवले होते.

नंतरची बरीच वर्षे भायखळा, परळ आणि लालबागच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर गेली. ती चांगली वर्षे होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर महिनाभर आमच्या गल्लीत पाण्यात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. एका टुरिस्ट गाड्यांच्या मालकाने अकरा गाड्या आमच्याकडे पाठवल्या. आम्ही प्रत्येक अल्टरनेटर उतरवला, बेअरिंगे आणि कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे ब्रश) बदलले, गंजलेल्या डायोड प्लेट नव्या घातल्या. सगळा माल ऑपेरा हाऊसच्या बाजारातून उधारीवर आणला होता. गाडीबाहेर टेबलावर फिरवून पाहिल्यावर प्रत्येक अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता. तरीही दिवाळीपर्यंत त्यांतल्या सहा गाड्या परत आल्या, कारण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नव्हती आणि सेल्फ जड फिरत होता.

याच सुमारास समोर एक मोठे बॅटरीचे दुकान उघडले होते. बाहेर ‘मोफत तपासणी’ असा फलक होता आणि आत गेलेला माणूस सहसा नवी बॅटरी घेऊनच बाहेर पडत असे. त्यांनी त्या मालकाला सांगितले की आमचे भरलेले अल्टरनेटर बॅटऱ्या खातात. त्याने सहाही गाड्यांत नव्या बॅटऱ्या घातल्या, आमचे बिल अडवले आणि ही गोष्ट टॅक्सी स्टँडपर्यंत पोचवली. चार महिन्यांत आमचे निम्मे गिऱ्हाईक गेले, उधारीचे तगादे सुरू झाले, आणि वडील गाळा सोडण्याची भाषा बोलू लागले. हे लिहिताना मला आजही राग येतो, कारण समोरच्यांनी त्या गाड्यांना लोड देऊन, म्हणजे दिवे आणि ब्लोअर लावून, एकदाही मीटर लावला नव्हता.

त्या काळात भायखळ्याचे एक टॅक्सीवाले काका मात्र आपली पद्मिनी घेऊन रोज संध्याकाळी आमच्या दारात उभी करत, काम असो वा नसो. गाळा चालू आहे हे लोकांना दिसले पाहिजे, एवढेच ते म्हणत. नव्या बॅटऱ्याही उतरू लागल्या तेव्हा त्या अकरांपैकी एका गाडीच्या ड्रायव्हरला समजावून रात्री आमच्याकडे आणले तेही त्यांनीच.

मिस्त्रीकाकांनी त्या रात्री पाना हातात घेऊ दिला नाही. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावायला सांगितले. अल्टरनेटरवर त्याच्याच बॉडीशी मोजले तेव्हा १४.१ व्होल्ट होते, बॅटरीवर १३.३. मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत असायला हवे, मीटर ०.८ दाखवत होता. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी अर्थिंगची विणीव पट्टी पाहिली, तर पुराच्या पाण्याने ती हिरवी होऊन भुगा झाली होती आणि जेमतेम काही तारा शाबूत होत्या. लोड नसताना त्या तारांतून थोडा करंट जातो, म्हणून मोफत तपासणीत आकडा बरा दिसत होता. दिवे लावले की बॅटरी उपाशी राहत होती. पट्टी बदलली आणि बॅटरीवर १४ व्होल्ट आले. दोष टेबलावर सापडणार नव्हता, आणि आम्हीही महिनाभर टेबलावरच पाहत होतो, हे मी इथे मान्य करतो.

गाड्यांचा मालक नंतर आला, सगळ्या पट्ट्या बदलून घेतल्या, पण जुने बिल त्याने कधीच पूर्ण दिले नाही. समोरच्या दुकानाने आपले शब्द मागे घेतले नाहीत.

या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना सांगतो की, इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग पाहण्याची डायनॅमोच्या काळातली सवय सोडून द्या, कारण त्या क्षणी उसळलेल्या व्होल्टेजने डायोड आणि आजच्या गाडीतला कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर आधी तो बल्ब पाहा. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच वाटेने मिळतो.

आता माझा पुतण्या गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावतो. नव्या अनेक गाड्यांत चार्जिंग किती करायचे हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना मीटरवर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवणे चुकीचे ठरते. तरीही हेडलाइट लावून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत कमी होणारे व्होल्ट, मोजल्याशिवाय तो बोनेटखाली पाना घालत नाही. या तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, दोष एका सैल नटाचा निघाला तरी घेतो, आणि ‘समोर फुकट बघतात’ असे कोणी म्हणाले तर त्यांना समोर जाऊ देतो.