कापूस नको, पिवळे बोळे घ्या

बर्लिनमध्ये रॉकच्या कार्यक्रमाला गेलं की दारात तिकीट तपासणाऱ्याच्या शेजारी, नाहीतर बारच्या काउंटरवर, एक भांडं ठेवलेलं दिसतं. आपल्याकडे हॉटेलच्या गल्ल्यावर बडीशेप असते तसं. आत मात्र फोमचे बोळे, जोडी-जोडीने. कानात घालायचे, फुकट. गाणं ऐकायला आलेल्याच्या हातात दारातच कान बंद करायचं साधन ठेवायचं, हा प्रकार नाशिककराला आधी अपमानच वाटतो. एवढे नाजूक कान असतील तर घरी बसा ना!

इथे ह्या बोळ्यांना सरसकट ‘ओरोपाक्स’ म्हणतात, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. ती कंपनी 1907 साली बर्लिनमध्येच सुरू झाली, मेणात भिजवलेल्या कापसाचे गोळे घेऊन.

भांड्यामागे एक जर्मन मानक आहे, डिन 15905, भाग 5. श्रोत्यांत आवाज जिथे सर्वात मोठा असेल तिथे अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जायला नको. 85 च्या वर जाणार असेल तर लोकांना आधी सांगायचं, 95 च्या वर जाणार असेल तर बोळे द्यायचे. हा कायदा नव्हे. पण कुणाच्या कानाला इजा झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर आयोजकाने काळजी घेतली होती की नाही हे ह्याच कागदावर ताडून बघतात. त्यामुळे बहुतेक जण मुकाट्याने पाळतात.

सर्वात मोठा आवाज स्पीकरच्या तोंडाशी. तिथे कार्यक्रमभर मीटर ठेवला तर कुणीतरी त्यावर बिअर सांडणार. म्हणून हॉल रिकामा असताना स्पीकरमधून एकसारखा खरखराट सोडतात आणि दोन ठिकाणी मोजतात: स्पीकरपाशी आणि साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी. फरक 6 आला, तर मिक्सरपाशी 93 दिसले की पुढे 99 झाले असं धरायचं. साउंडवाल्याच्या समोर पडद्यावर सरासरी सतत चालू असते, हिरवी, पिवळी, लाल. ह्यात हुशारी अशी की पहिली वीस मिनिटं 96 वर रेटली, तर शेवटची दहा 102 वर नेता येतात आणि सरासरी बरोबर 99 च येते. शेवटचं गाणं अंगावर येतं ते बऱ्याचदा ह्या काटकसरीमुळे.

तरी 99 म्हणजे सुरक्षित नव्हे. अमेरिकेतल्या नायॉश ह्या संस्थेच्या हिशोबाने 85 डेसिबल 8 तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा तास, 100 ला पंधरा मिनिटं. दोन तासांच्या कार्यक्रमात हे कुठे बसणार? म्हणून बोळे. शिवाय हे डेसिबल ‘ए’ पट्टीत मोजतात आणि ती पट्टी खर्ज जवळजवळ धरतच नाही. 50 हर्ट्झला 30 डेसिबल वजा. छाती हलवणारा सब-वूफर मीटरला खुशाल गुंगारा देतो. जर्मन काटेकोरपणाचं कौतुक करताना एवढं लक्षात असू द्यावं.

आता आपल्याकडचं. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद हा नियम 2000 सालापासून आहे. गंमत म्हणजे इथेही शांततेची वेळ तीच, 10 ते 6. म्हणजे शेजाऱ्याच्या झोपेबाबत नाशिक आणि बर्लिन एकाच पानावर. आपल्या नियमात आवाज मोजायचा तो जागेच्या हद्दीवर: परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, ह्यातलं कमी ते. बंद सभागृहाला तर रात्रीच्या बंदीतूनही सूट. तिकीट काढून आत बसलेल्या माणसाच्या कानावर किती आदळलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

आणि तसं म्हणावं तर आलेलंही आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर उभ्या कामगारासाठी आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत आहे. पिवळे बोळे तिथे वर्षानुवर्षं वाटले जातात. तोच माणूस पाळी सुटल्यावर ढोल पथकात ताशाच्या पुढ्यात उभा राहतो, शंभरच्या पुष्कळ वर, तीन-तीन तास, आणि बोळे राहतात लॉकरमध्ये! दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असली की ‘काय दणका झाला काल’ म्हणून सांगायचं. कार्यक्रमाची आठवण म्हणून आपण अभिमानाने मिरवतो ती बऱ्याचदा कानातल्या थकलेल्या केसपेशींची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींची, तक्रार असते. बहुतेक वेळा ती दिवसा-दोन दिवसांत मिटते. मेलेली पेशी मात्र परत येत नाही.

ढोलाला नावं ठेवायची नाहीत. नाशिक ढोलासारखा ठेका इथल्या कुठल्याही परेडमध्ये ऐकू येत नाही, हे इथले लोकही मान्य करतात. कानाला ढोलापेक्षा ताशा जास्त लागतो, कारण त्याची थाप तीक्ष्ण आणि वरच्या पट्टीतली. तेव्हा पथकवाल्यांनो, कापूस नको. साधा कापूस जेमतेम काही डेसिबल अडवतो आणि मनाची समजूत तेवढी घालतो. फोमचा बोळा बोटांत वळून सुरकुती न पडू देता बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. इथेच सगळे चुकतात. पाच सेकंदांत हात काढला की बोळा बाहेर फुगतो आणि अर्धं काम जातं. काढताना पिळत, हळू.

गाणं ऐकायचं असेल तर फोम बरा नाही. तो वरचे सूर जास्त खातो, शब्द घोंगडीखालून आल्यासारखे वाटतात. त्यासाठी फिल्टरवाले सिलिकॉनचे बोळे मिळतात. ते सगळे सूर साधारण सारखेच 15-20 डेसिबल खाली आणतात.

सगळंच इथे मोठ्या आवाजात असतं असं नाही. बर्लिन फिलहार्मोनी हे वाद्यवृंदाचं सभागृह 1963 साली उघडलं, 2,400 च्या आसपास जागा, मधोमध वादक आणि चहूबाजूंनी चढत जाणारे श्रोते, माइक नाही. ह्या रचनेला वास्तुकार ‘द्राक्षमळा’ म्हणतात. दरीत वाद्यवृंद आणि उतारावर मळे, ही कल्पना स्वतः सभागृहाचे वास्तुकार हान्स शारून यांची. दिंडोरीच्या माणसाला हे पटायचं नाही. आपली बाग सपाट रानात आणि मांडव डोक्यावर. पण ह्या मळ्यात व्हायोलिनची बारीक तार शेवटच्या रांगेत पोचते, हे खरं. दुपारी एकचा मोफत कार्यक्रमही असतो, बाहेरच्या दालनात, बुधवारी. जागा पकडायची तर लवकर जावं लागतं.

खटकतं ते वेगळंच. एकाच रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळी नाही. खोकला आला तर भाग संपेपर्यंत दाबायचा, मग दोन हजार माणसं एकदम खोकतात. ‘क्या बात है’ म्हणायची सोय नाही. समेवर मान हलली तरी शेजारचे आजोबा बघतात. आपल्याकडे श्रोता अर्धी मैफल चालवतो, इथे तो फर्निचर असतो. उलट आपलं मंचावर वाद्य लावणं इथे कुतूहलाचा विषय. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर यांनी सतार लावून संपवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लावणं एवढं आवडलं, तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी म्हणाले.

पण लावायला लागतंच. हिवाळ्यात तापवलेल्या हॉलची हवा कोरडी ठणठणीत, तबल्याची पुडी आक्रसते आणि सूर चढतो. पेटी मात्र जागची हलत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात नेमकं उलटं. म्हणून तबला तासभर आधी मंचावर उघडा ठेवायचा, आणि चढलाच तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, खालून हातोडी.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला इथे पुष्कळदा चर्चचा हॉल मिळतो. दगडी भिंती, उंच छत, टाळी वाजवली तर चार-पाच सेकंद घुमते. द्रुत तान तिथे खिचडी होते. अशा वेळी आवाज वाढवणं हा सर्वात वाईट उपाय, घुमणंही तेवढंच वाढतं. स्पीकर लहान, श्रोत्यांच्या जवळ, भिंतींपासून वळवलेले, मंचाखाली गालिचा, नको ते माइक बंद. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरची शिट्टी वाजायच्या आधी आवाज वाढवायला उरलेली जागा 3 डेसिबलने कमी होते. चारांचे दोन केले तर तेवढी परत मिळते. गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, साध्या कार्डिऑइड (मागून सर्वात कमी ऐकणाऱ्या) माइकच्या नेमका पाठीमागे, बाजूला नाही.

ह्या बाबतीत नेहरू चौकातली पिंपळपारावरची पाडवा पहाट मुळातच सोपी. छत नाही, घुमायला भिंती लांब. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार, त्यामुळे आवाज वर उडून न जाता खाली वाकतो आणि लांबवर जातो. थोड्या आवाजात भागतं. तरी अहिरभैरवाचा पहिला आलाप संपायच्या आत मागून कुणाचा तरी हात वर होतो, बोट आभाळाकडे, आणि साउंडवाले दादा निमूट मिक्सरकडे वळतात.