सांगलीत बंगला विकायचाय? आधी भाव, मग रंग

‘शेजारच्यांचा एवढ्याला गेला’ या ऐकीव आकड्यावर भाव ठरवू नका. जागा आणि बांधकाम वेगळं मोजा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. जागेला आसपासच्या ताज्या खरेदीखतांचा दर लावा, बांधकामाच्या आजच्या खर्चातून वयाची घट काढा. रेडीरेकनर म्हणजे सरकारी दरतक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे. भाव फुगवला की खरी गिऱ्हाइकं सुरुवातीलाच निघून जातात. नंतर उतरवला तर ‘काहीतरी भानगड दिसतेय’.

सांगलीत पहिला प्रश्न पुराचा: २०१९ ला पाणी कुठवर आलं? आलं असेल तर खूण सरळ दाखवा, गल्लीतले सांगणारच.

ओलीवर नुसता रंग मारलात तर पावसाळ्यात पोपडे सुटतात. आधी गच्चीचा उतार आणि पाइपांचे सांधे तपासा. फुगलेला गिलावा खरवडून नवा करा, पुरता वाळू द्या, मगच रंग.

बंद बंगल्यात गटाराचा वास येतो, कारण न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या खोलगट भागातलं, पाणी आटलेलं असतं. दाखवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. उदबत्ती नको, लोकांना लगेच संशय येतो.

प्रॉपर्टी कार्ड आणि बांधकाम परवानगीच्या प्रती टेबलावरच ठेवा.