तुम्ही विचारलंत म्हणून: छर्रे कोणते घेऊ?

"मॅडम, छर्रे कोणते घ्यायचे तेवढं सांगून द्या ना." आमच्या एअर रायफलच्या रेंजवर नवं मूल आलं की आठवड्याभरात त्याचे आईबाबा हे विचारतात. हल्ली सोबत दुसराही प्रश्न येतो. परदेशातले शिकारी हलक्या रायफलीसाठी घरीच काडतुसं भरतात, दारू मोजून घालतात, गोळी किती खोल बसवायची तेही ठरवतात, असे व्हिडिओ पाहिलेले असतात. मग आपण तसं काही का करत नाही?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय उरलेला नाही आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायलाही परवाना लागतो. ते घरी करून पाहायचं काम नव्हे. पण त्या माणसांना एक गोष्ट पक्की कळलेली आहे: प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. ते ही आवड दारू कमीजास्त करून शोधतात, आम्ही एअर रायफलवाले डबे बदलून शोधतो. म्हणून पहिल्या प्रश्नाला मी कंपनीचं नाव सांगत नाही. रायफल घेऊन या, म्हणते.

छर्रा तळहातावर घेऊन बघा. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. डोकं सपाट, त्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. हवेचा दाब आला की हा घेर फुलून नळीच्या आतल्या पिळदार खाचांना घट्ट बसतो. डब्यावर डोक्याचं माप असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण नळीला तो कळतो. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन बॅचसुद्धा एकाच नळीतून सारख्या जातील असं नाही.

हे मी स्वतःच्या अंगावर बेतल्यावर शिकले. खेळत होते तेव्हा एका मोठ्या स्पर्धेआधी डबा संपला. तीच कंपनी, तेच माप, नवा डबा आणला आणि तसाच वापरला. गुण घसरले. पुढचे दोन महिने मी माझाच श्वास, माझाच ट्रिगर, माझाच खांदा तपासत बसले. एका सिनियर दादांनी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे ती हलू न देणाऱ्या घट्ट पकडीत, बांधायला लावली तेव्हा कळलं की त्या बॅचचे छर्रे मुळातच पसरत होते. ते दोन महिने गेले ते गेलेच.

म्हणून आता मुलांच्या बाबतीत मी आधी डबा तपासते, मग मूल. मागच्या पावसाळ्यात हिंगण्याहून एक पंधरा वर्षांची मुलगी येत होती. खांदे अजून भरलेले नाहीत, म्हणून तिला हलकी रायफल दिलेली. हलकी रायफल हाताचा बारीकसा कंपही दाखवते, त्यामुळे नेम चुकला की मूल स्वतःलाच दोष देतं. वडिलांनी पैसे साठवून सगळ्यात महाग डबा आणला होता आणि पोरगी रोज उभं राहायची पद्धत बदलून पाहत होती.

रायफल व्हाइसमध्ये बांधली. नळीला ओरखडा पडू नये म्हणून मधे चामड्याचा तुकडा. नवा छर्रा सुरू केला की पहिले दहा-पंधरा बार मी मोजतच नाही. आधीच्या शिशाचा थर निघून नळी नव्या छर्ऱ्याला सरावू द्यावी लागते. मग एका कागदावर दहा बार. पाच नकोत, पाच नशिबानेही एकत्र पडतात. असे तीन कागद. दहा बारांच्या मिळून पडलेल्या भोकाची बाहेरून बाहेर रुंदी व्हर्नियरने मोजायची आणि त्यातून ४.५ वजा करायचे.

महाग डब्याचं भोक ६.९ आलं, तिन्ही कागदांवर जवळपास तेवढंच. म्हणजे पसारा २.४ मिलिमीटर. मग कपाटातला एक स्वस्त डबा, डोकं ४.५० चं. भोक ५.३. त्या मुलीने दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

लक्ष्याच्या मधोमध असलेल्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. गुण दशांशात मोजतात आणि मध्यापासून दर पाव मिलिमीटरला एक दशांश उतरतो. पसाऱ्याच्या कडेचा छर्रा मध्यापासून १.२ मिलिमीटर दूर गेला, तर मुलीने अगदी १०.९ चा, म्हणजे सर्वात वरच्या गुणांचा, बार सोडूनही हातात १०.५ पडतात. स्पर्धेच्या साठ बारांत असे किती, ते तुम्हीच मोजा.

वजन करून छर्रे निवडायचं वेडही मी केलं आहे. इतवारीतल्या ओळखीच्या सराफाकडून मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणला आणि तीन रात्री एकेक छर्रा तोलला. चांगल्या बॅचमधले तोललेले आणि न तोललेले छर्रे व्हाइसमधून मला सारखेच मिळाले. जे खरोखर वाईट होते ते नुसत्या भिंगाखालीही दिसत होते: मागचा घेर चेपलेला, कडेला खाच. तेव्हा रात्री जागू नका, भिंग घ्या. डबा स्कूटरच्या डिक्कीत हिंदकळत आणू नका, घेर तिथेच चेपतात. उघडा डबा कूलरसमोर ठेवू नका, दमट हवेने शिसं पांढुरकं पडतं. आणि मुलांना डबा हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. शिसं पोटात जायला नको, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

बॅच जमली की त्याच नंबरचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या, दुकानदाराला झाकण दाखवून. हिंगण्याच्या त्या मुलीच्या वडिलांनी सहा घेतले. प्रत्येक झाकणावर पोरीने मार्करने रायफलचा नंबर लिहिलाय. तिचे पाय मात्र अजून थोडे जास्तच फाकलेले असतात, आता त्यावर काम चाललं आहे.