इंजिन चालू असेल तरच नेट

बोट कोकणात, मालक कोथरूडला आणि सुटे भाग तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. त्यामुळे शिडाच्या बोटीवरचं वायफाय पुण्यातल्या वर्कबेंचवर येणं हे काही नवलाचं नाही. नवलाची होती ती तक्रार. मालक म्हणाले, "इंजिन चालू असलं की नेट झकास चालतं. बंद केलं की थोड्या वेळात धापा टाकायला लागतं." जयगडच्या खाडीत नांगर टाकायचा आणि किनाऱ्यावरच्या ओळखीच्या हॉटेलचं वायफाय पकडायचं, एवढीच त्यांची गरज. त्यासाठी रात्रभर डिझेल जाळणं शिडाच्या बोटीला परवडत नाही आणि शोभतही नाही.

मांडणी मुळात बरोबर होती. डोलकाठीच्या टोकाला वायफाय पकडणारा रेडिओ, त्यालाच थेट बसवलेली ८ डीबीआय गेनची उभी अँटेना (गेन म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप), तिथून केबिनपर्यंत २२ मीटर इथरनेट केबल आणि त्याच केबलमधून वर जाणारी वीज. बरेच जण उलटं करतात. रेडिओ केबिनमध्ये ठेवतात, वर फक्त अँटेना लावतात आणि मधे आरजी-५८ ही बारीक कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, टाकतात. २.४ गिगाहर्ट्झला ही केबल मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. बारा मीटरला बारा डेसिबल, म्हणजे सोळातला एकच भाग वर पोचतो. किनाऱ्यावरून येणारा आधीच क्षीण सिग्नलही खाली येताना तितकाच मरतो. एलएमआर-४०० ही जाड कोॲक्स घेतली तर नुकसान मीटरला पाव डेसिबलच्या आत राहतं, पण ती ताठ केबल डोलकाठीच्या आतून ओढणं म्हणजे शिक्षा आहे.

अँटेनाही ८ चीच ठीक. मालकांना १२ डीबीआयची हवी होती. उभ्या अँटेनाचा गेन वाढवला की ती सगळी ताकद आडव्या पातळ पट्ट्यात दाबते. १२ डीबीआयला हा पट्टा जेमतेम सात अंशांचा उरतो. बोट लाटेवर दहा अंश कलली की एका बाजूला पट्टा आकाशात, दुसऱ्या बाजूला पाण्यात. शिवाय आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात परवान्याशिवाय अँटेनासकट ४ वॅट, म्हणजे डेसिबलच्या मापात ३६ डीबीएमची मर्यादा आहे. या रेडिओचे २८ आणि अँटेनाचे ८ मिळून ती बरोबर भरते.

मग दोष कुठे? रेडिओ आणि इंजेक्टर (इथरनेट केबलमध्ये वीज सोडणारी डबी) आधी तपासायला आले होते. बेंचवर एक मीटरच्या पॅच कॉर्डवर दोन्ही दिवसभर विनातक्रार चालले. आम्ही म्हटलं, केबल आणा, तीच केबल, नवी नको. पावसाळ्यासाठी बोट वर काढून डोलकाठी उतरवलेलीच होती, म्हणून अख्खं वेटोळं पुण्यात आलं.

बेंच सप्लाय १४.१ व्होल्टवर ठेवला, म्हणजे इंजिन चालू असताना अल्टरनेटर देतो तेवढा. केबलच्या वरच्या टोकाला रेडिओ चालू असताना ११.७ व्होल्ट मिळाले. सप्लाय १२.२ वर आणला, म्हणजे नांगरावरची निम्मी उतरलेली बॅटरी. वर ९.२! रेडिओ जोरात पाठवायला लागला की काटा आणखी खाली जायचा आणि रेडिओ रीस्टार्ट. रेडिओला लागतात ते वॅट. व्होल्ट कमी झाले की तो जास्त अँपिअर ओढतो, त्यामुळे केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात, असं ते घसरत जातं.

केबलची एक तार सोलून ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त रोध. गल्लीत ही ढिगाने मिळते आणि खोक्यावर कॅट-५ईच लिहिलेलं असतं, म्हणून विकत घेतानाच ब्लेड खिशात असावं. केबलच्या वरच्या टोकाचा आरजे-४५ प्लग कापून उघडला, तर चार नंबरची पिन हिरवी पडून तुटलेली. या पद्धतीत ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण जातं. खारा ओलावा शिरला की धन बाजूचं तांबं आधी झिजतं. चारऐवजी तीनच तारांवर सगळा भार होता.

उपाय महागडा नव्हता. शुद्ध तांब्याची, उन्हात टिकणारी, बाहेर वापरायची कॅट-५ई, आणि बॅटरीजवळ १२ वरून २४ करणारा कन्व्हर्टर, त्याच्या आधी दोन अँपिअरचा फ्यूज. मात्र रेडिओच्या लेबलवर २४ व्होल्ट लिहिलेले असल्याची खात्री करूनच. बॅटरी ११.५ असो वा १४, वर आता साडेतेवीस पोचतात. प्लगमध्ये सिलिकॉन ग्रीस, जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळून (म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत शिरत नाही), आणि रेडिओखाली केबलला एक झोळ, थेंब तिथूनच गळावेत म्हणून.

खडकवासल्याच्या पाणलोटाकाठी, पानशेत रस्त्याने बरंच पुढे जाऊन, १२.० व्होल्टच्या बॅटरीवर चाचणी घेतली. पुण्यातल्या गच्चीवर ती घेण्यात अर्थ नाही. तिथे उंच अँटेनाला इतकी नेटवर्कं ऐकू येतात की दोष गोंगाटाचा की केबलचा, हेच कळत नाही.

दोन गोष्टी बोटीवर बसवताना करायला सांगितल्या. बोटीच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१ वरून १९२.१६८.५० वर न्यायचा, कारण हॉटेलचा राउटरही बहुधा १९२.१६८.१ वरच असतो आणि मग सिग्नल भरपूर पण एक पान उघडत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. स्वस्त कन्व्हर्टर व्हीएचएफमध्ये, म्हणजे बोटीच्या बोलण्याच्या रेडिओत, खरखर सोडतात. चॅनेल १६, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनेल, लावा, स्क्वेल्चचं (रिकामी खरखर दाबणारं) बटण आवाज जेमतेम बंद होईल तिथवर आणा, मग कन्व्हर्टर चालू करा. खरखर सुरू झाली तर कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर फेराइट, म्हणजे खरखर अडवणारी कडी, चढवा. तरीही थांबली नाही तर कन्व्हर्टर बदला.