नवतप्यात टिकणारा घरचा सर्व्हर

घरचे फोटो आणि फाइली सांभाळणारा, दिवसरात्र चालणारा सर्व्हर घरी मांडायचा म्हटलं की पहिली चर्चा लिनक्सचं कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्यायचं याची होते. नागपुरात हा क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा, मग वीज, मग डिस्क, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. डेबियन घ्या नाहीतर उबुंटू सर्व्हर, दोन्ही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. बंद पडतं ते यंत्र, आणि तेही मे महिन्यात, नवतप्याच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) सुमारास.

यंत्र म्हणून ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप सगळ्यात बरे: ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी. बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जुन्या मालाची चौकशी करा. इंटेलची आठवी पिढी आणि १६ जीबी रॅम पाहा. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'टी' असलेलाच घ्या, कारण तो ३५ वॅटचा असतो आणि कमी तापतो. रिकामा बसलेला असताना असा डेस्कटॉप साधारण १० वॅट खातो, म्हणजे वर्षाला ८८ युनिटच्या आसपास. घरी आणल्यावर आधी प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट बहुधा वाळून खडूसारखी झालेली असते.

आता जागा. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली नको, पश्चिमेची भिंत नको, माळा तर मुळीच नको. तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत, उघड्या शेल्फवर, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडून ठेवा. कूलरची खोली चालेल, पण झोताच्या समोर ठेवू नका. कूलरच्या हवेत बारीक तुषार असतात आणि त्यांतले क्षार पंख्याच्या पात्यांवर, बोर्डावर पांढरे जमतात; त्यावर धूळ चिकटली की हवेची वाटच बंद होते. होळीच्या सुमारास कूलरच्या ताट्या बदलता, तेव्हाच सर्व्हर उघडून ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

तापमान अंदाजाने सांगू नका, मोजा. लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्राइव्हटेम्प नावाचं मॉड्यूल आहे. ते लोड केलं की सेन्सर्स ही एकच कमांड प्रोसेसरसोबत साटा (आतल्या केबलने जोडलेल्या) डिस्कचंही तापमान दाखवते. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते. खोली ४० अंशांवर असेल तर बंद प्लास्टिक पेटीतली यूएसबी डिस्क सहज ५५ ला पोचते, मग फरक उरतो पाचच अंशांचा. पेटी ॲल्युमिनियमची घ्या आणि शेजारी १२० मिलिमीटरचा पंखा यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावा. तो १२ व्होल्टचा असला तरी बहुधा हळू आणि बिनआवाजी फिरतो, आणि तेवढी हवा पुरते. प्रोसेसर तापत असेल तर इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करण्याची सोय आहे. फोटो आणि फाइली सांभाळायला टर्बो लागत नाही.

जड कामं रात्री बाराला लावण्याची सवय इथे सोडा. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते. खोली खरी थंड असते पहाटे चार ते सहा. बॅकअप, डिस्कची तपासणी, इमिच या फोटो सांभाळणाऱ्या ॲपमधलं चेहरे ओळखण्याचं काम, सगळं पहाटे चारला लावा.

विजेकडे जास्त लक्ष द्या, कारण लाइट जाण्याने डेटाबेस बिघडू शकतो. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. २५ अंशांच्या वर दर दहाएक अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून आपल्याकडे ती लवकर संपते. घरी इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा त्यावरच घ्या आणि इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट बदलताना इतका वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

अडचण अशी की साधा इन्व्हर्टर सर्व्हरला काहीच कळवत नाही. त्यावर स्वस्त उपाय आहे. एखादा जुना वायफाय राउटर किंवा स्मार्ट प्लग इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटवर लावा आणि घरच्या नेटवर्कला जोडा. हा आपला साक्षीदार. सर्व्हरने दर मिनिटाला त्याला पिंग करायचं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. सलग ३० मिनिटं उत्तर नाही, म्हणजे लाइट गेलेली आहे. कंटेनर (डॉकरमध्ये चालणारी ॲप्स) थांबवा आणि यंत्र बंद करा. पण त्याआधी मुख्य राउटरला पिंग करून बघा. तोच अडकला असेल तर साक्षीदारही दिसणार नाही, आणि लाइट असताना सर्व्हर उगाच बंद होईल.

यात आणखी एक खोच आहे. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर चालू हो' हे आपण लावतोच, पण इन्व्हर्टर सुरूच राहिला तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. लाइट आली तरी तो झोपलेलाच राहतो. म्हणून बंद करताना साधं शटडाउन न देता आरटीसीवेक कमांडने ३६०० सेकंदांचा गजर लावून बंद करा. तासाभराने तो उठेल, साक्षीदाराला विचारेल, उत्तर नसेल तर पुन्हा झोपेल. बायोसमधला पर्याय 'नेहमी चालू' असाच ठेवा. 'आधीची स्थिती' ठेवलात आणि मधेच इन्व्हर्टरही संपला, तर सर्व्हर बंदच राहील.

लाइटच्या ये-जा मध्ये यूएसबी डिस्क कधी उशिरा जागी होते. एफस्टॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकाने लिहा आणि नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय द्या, नाहीतर सर्व्हर बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसेल. नोफेलचा उलटा धोकाही आहे: डिस्क जोडली गेली नाही तर कंटेनर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत सुटतात आणि मूळ एसएसडी भरते. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅट्टर कमांडने 'आय' ही खूण लावा. मग डिस्क नसेल तेव्हा त्यात काहीही लिहिता येणार नाही आणि चूक लगेच दिसेल.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडच्या यादीतले ५, १९७ आणि १९८ क्रमांकाचे आकडे (खराब सेक्टरांचे) शून्यावरून वाढू लागले तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा.

बाहेरून घरी पोचायचं असेल तर राउटरमधला वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते) आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची विनंती राउटरमधून थेट सर्व्हरकडे पाठवणं, चालणार नाही. आपल्याच यंत्रांचं खाजगी जाळं बांधणारं टेलस्केल लावा, काम होतं. सीजीनॅट नसलं तरी पोर्ट उघडे टाकण्यापेक्षा वायरगार्ड हे व्हीपीएन कधीही चांगलं. डॉकरने प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला विचारत नाही, हेही ध्यानात ठेवा. यूएफडब्ल्यूमध्ये बंद दिसलेला पोर्ट प्रत्यक्षात उघडा असतो, म्हणून तो १२७.०.०.१ ला (सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्याला) बांधा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडंच. फाइली सांभाळणारं नेक्स्टक्लाउड एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढतं, मधली गाळता येत नाही. इमिचची आवृत्ती डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये आकड्याने लिहा आणि वाढवण्याआधी प्रकाशन-टिपा वाचा. इमिचच्या बॅकअपमध्ये फोटोंच्या फोल्डरसोबत त्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंपही (पूर्ण प्रत) घ्या. डंप नसेल तर अल्बम आणि ओळखलेले चेहरे परत येत नाहीत.

बॅकअपसाठी रेस्टिक हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एक प्रत घरातल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवा, जी एरवी कपाटात असेल, आणि दुसरी शहराबाहेर: वर्ध्याला मामांकडे किंवा अमरावतीला बहिणीकडे, टेलस्केलवरून. दर रविवारी पहाटे रेस्टिकच्या तपासणीत ५ टक्के डेटा प्रत्यक्ष वाचायला सांगा. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून त्याच मामांकडे ठेवा. आणि मार्च संपायच्या आत त्या लांबच्या प्रतीतून एखाद्या जुन्या लॅपटॉपवर इमिच उभं करून बघा. पोस्टग्रेसचा डंप, फोटो, कंपोज फाइल, तिन्ही तिथे आहेत का ते तेव्हाच कळतं.