पाठीवरचा सातबारा

24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन त्याच आठवड्यात असतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन, सगळं रीतीप्रमाणे होतं. मी वाट बघतो ती सहावीच्या गोष्टीची. दरवर्षी एक चतुर प्राणी, नवी युक्ती, पोरांनीच रचलेली गोष्ट. निवृत्त झालो, तरी तालमीला जातोच.

दिवाळीची सुट्टी संपली की तयारी सुरू. फळ्यावर तीनच प्रश्न लिहायचे. भूक कुणाला लागलीय? जोर कुणाच्या अंगात आहे? आणि त्या दांडगटाची खोड कोणती? युक्ती त्या खोडीतूनच निघाली पाहिजे, नाहीतर गोष्ट पोकळ होते. शिवाय आपल्याहून दुबळ्याला फसवायचं नाही, ती नुसती लबाडी. पहिल्या दिवशी पोरं हमखास कोल्हा आणतात, नाहीतर सिंहाला विहिरीत त्याचंच प्रतिबिंब दाखवणारा ससा. "तो पंचतंत्रातला रे, आपला शोधा," असं म्हटलं की वर्ग गप्प.

एका वर्षी अशाच शांततेत मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, खारीच्या पाठीवर पट्टे असतात. डुकराच्या पिल्लालापण असतात." आजोबांबरोबर भुईमुगाच्या राखणीला जायची ती, तिनं बघितले होते. तेवढ्यावर गोष्ट उभी राहिली. रानडुक्कर अख्खं शेत अडवून बसलेलं. खार म्हणते, "शेत माझं, हा बघा पाठीवर सातबारा!" डुक्कर चिडतं, "लहानपणी मलाबी होते की पट्टे!" "मग चिखलाखाली दडले असतील, दादा. नदीच्या वाळूत पाठ घासा, निघतील." डुक्कर तीन दिवस पाठ घासत बसलं आणि इकडे साऱ्या रानानं शेंगा वाहून नेल्या.

संमेलनात तिनं ती एकटीनं सांगितली. "घासा दादा, पाठ घासा" हे तीनदा येतं. पहिल्यांदा ती एकटी म्हणाली, दुसऱ्यांदा पुढं सतरंजीवर बसलेली पहिली-दुसरीची पोरं, तिसऱ्यांदा सगळा मंडप. माझे डोळे भरून आले. दरवर्षी येतात.

त्या वर्षी राबलेल्यांची आठवण ठेवायलाच हवी. खारीची झुपकेदार शेपटी सुतळीची करणाऱ्या चित्रकलेच्या बाई, सतरंज्या वाहणारे शिपाई मामा, लाइट गेल्यावर ट्रॅक्टरची बॅटरी आणून माईक चालू ठेवणारे मंडपवाले काका, पोरांना भात-आमटी वाढणाऱ्या दोघी मावशी, पेटीवर साथ करणारे गुरव काका, आणि पडदा ओढणारी दहावीची दोन मुलं. हो, आणि गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारी तिची मैत्रीण. तिचं नाव आभारात राहून गेलं होतं, ते मला आजही लागतं.

एक गोष्ट मात्र खुपते. आपल्या मुलाचा नाच झाला की पालक उठतात. गोष्टीच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. गावातच राहणारे माजी विद्यार्थीसुद्धा फिरकत नाहीत, त्यांनीही याच फळ्यासमोर गोष्टी रचल्या होत्या.

त्या रात्री तिचे आजोबा मात्र शेवटपर्यंत होते. खुर्ची दिली तर घेतली नाही, मंडपाच्या खांबाला टेकून उभे राहिले. गोष्ट संपल्यावर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, पट्टे थोडक्याच महिन्यांत जातात बरं का पिल्लांचे. तेवढं पोरीला सांगा, पुढच्या वेळी गोष्टीत घालंल."