पंप फिरतो, पण नळाला पाणी नाही

दाभोळच्या खाडीत आमची एक लहानशी केबिनची बोट असते. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून झाप आणि ताडपत्री घालून ठेवलेली असते आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरते. यंदा उतरल्यावर तिच्या गोड्या पाण्याच्या पंपाने एक चमत्कारिक खोड काढली. नळ उघडला की सुरुवातीला धार चांगली जोरात येई, मग हळूहळू ती करंगळीपेक्षा बारीक होई, आणि नळ बंद केला तरी पंप थांबायचे नाव घेत नसे. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने नुसता आवाज ऐकून "पंप गेला, नवा घाला" असा निकाल देऊन टाकला. मला तो पटला नाही, कारण पंपातला डायफ्रॅम, म्हणजे पाणी ढकलणारा लवचिक पडदा, फाटलेला किंवा आतले व्हॉल्व झिजलेले असते, तर पहिली धारसुद्धा मरतुकडीच आली असती.

बोटीवरची ही व्यवस्था मुळात साधी असते. टाकीतून निघालेली नळी जाळीच्या फिल्टरमधून १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाकडे येते आणि पंपाकडून नळांकडे जाते. नळ उघडल्यावर पुढच्या नळीतला दाब साधारण २५ पौंडांच्या खाली उतरला की प्रेशर स्विच पंप चालू करतो, आणि नळ बंद झाल्यावर दाब ४० पौंडांच्या आसपास चढला की बंद करतो. नेमके आकडे पंपागणिक बदलतात. म्हणजे पंप थांबत नसेल, तर एक तर स्विच अडकलेला असतो किंवा तेवढा दाब तयारच होत नसतो. दाब तयार न होण्याची कारणे वीज, ओढणारी बाजू आणि ढकलणारी बाजू यांपैकी कुठेही असू शकतात, म्हणून पंपाला हात लावण्याआधी या तीन बाजू वेगळ्या करून पाहाव्यात.

विजेची तपासणी पंप चालू असतानाच करावी लागते, आणि बहुतेक जण नेमके इथेच फसतात. बंद पंपाच्या तारांना मल्टिमीटर लावला, तर खाऱ्या हवेने हिरवी पूड धरलेल्या लगमधूनही (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडातूनही) पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच वाहत नसतो. पंप ६ अँपिअर ओढू लागला की त्या लगमधला अवघा ०.२ ओहमचा अडथळा १.२ व्होल्ट गिळतो आणि तेवढ्याच जागी सुमारे ७ वॅट उष्णता निर्माण करतो. मीटर नसेल तर जोडावर बोट ठेवले तरी तो गरम लागतो. आमच्या बोटीवर बॅटरी आणि पंप यांच्यातला व्होल्टचा फरक नगण्य निघाला, तेव्हा वीज निर्दोष ठरली.

त्यानंतर पंपाची ओढणारी नळी फिल्टरसह टाकीपासून सोडवून पाण्याने भरलेल्या बादलीत टाकली. ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. बादलीतून पंपाने भरघोस धार दिली आणि नळ बंद करताच तो खटकन थांबला. एवढ्या एका गोष्टीने पंप, स्विच, फिल्टरची जाळी आणि पुढची सगळी नळी निर्दोष ठरली. जाळी तरीही उघडली. जांभ्याच्या विहिरीचे पाणी भरत असल्यामुळे तिच्यात तांबूस गाळ बसतो, पण या वेळी तो फारसा नव्हता. दोष आता टाकीतच शोधायचा होता.

तेव्हा आमचे तांडेल म्हणाले, "भाऊ, टाकी भरताना पानी उलटा उसळता, आत गुळगुळ आवाज करता." पाणी आत जाताना हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, हे त्यातून उघड झाले, आणि ज्या वाटेने हवा बाहेर पडत नाही त्या वाटेने ती आतही येणार नाही. नळी पुन्हा जोडून पंप चालू केला, धार बारीक झाली, आणि टाकीचे तपासणीचे झाकण सैल करताच सूं करून हवा आत शिरली व धार पूर्ववत झाली.

टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या हवानळीचे तोंड बोटीच्या बाहेरच्या अंगाला, कठड्याच्या खाली आहे. तिथे कुंभारीण माशीने मातीचा घट्ट बूच बसवला होता. आकड्याने वाकवलेल्या तारेने तो बाहेरच्या बाजूला ओढून काढला, आत ढकलला नाही, कारण ढकललेली माती शेवटी टाकीतच पडते. मातीच्या कप्प्यात पिल्लांच्या बेगमीसाठी साठवलेल्या, निपचित पडलेल्या हिरव्या अळ्या होत्या.

अशा वेळी काठोकाठ भरलेली टाकीच आधी दगा देते. टाकीत १० लिटर हवा असताना ५ लिटर पाणी उपसले, तर तीच हवा १५ लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब दोन तृतीयांशावर येतो. टाकी कडक असेल, तर पंपाला जणू तीन मीटरहून खोल विहिरीतून पाणी ओढावे लागते, आणि असे बरेच छोटे पंप दोन मीटरच्या आसपासच दम टाकतात. अर्धी रिकामी टाकी मात्र बराच वेळ तक्रार करत नाही, त्यामुळे दोष आपोआप गेल्यासारखा वाटतो. प्लास्टिकच्या टाकीच्या भिंती आत खेचल्या जाऊन कधी 'ढप' असा आवाजही येतो.

याच्या उलट, सगळे नळ बंद असताना रात्री पंप मधूनच क्षणभर वाजत असेल, तर दाब कुठून तरी निसटतो आहे. पंपाला लागून पुढे एक कॉक असेल तर तो बंद करावा. तरीही वाजला तर पंपातलाच, पाणी मागे परतू न देणारा व्हॉल्व गळतो, गप्प झाला तर गळती पुढच्या नळीत आहे. आमचे तांडेल बोटीच्या तळातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतात आणि पाणी खारे की गोडे ते सांगतात; गोडे असेल तर ते आपल्याच नळीतून गळलेले. तेलकट पाण्याची ही परीक्षा मी त्यांच्यावरच सोपवतो.

हवानळीच्या तोंडाला आता स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली आहे. तिची भोके माशी शिरणार नाही एवढी लहान, पण मिठाच्या थराने बुजणार नाहीत एवढी मोठी ठेवली आहेत. पुढच्या पावसाळ्यात बोट वर घेतल्यावर जाळीवर सुती फडके बांधायचे आणि फडके आहे याची चिठ्ठी टाकी भरायच्या झाकणाला अडकवायची, असे ठरले आहे.